टेकडीवरची शपथ

विहीणबाई,

काल दुपारपासून बर्फ पडतोय आणि मी तुमच्या लेकीच्या घरात अडकून बसले आहे. श्रूजबरीचं हे घर तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायचं ते एकेक करून पुसलं गेलंय. आधी कुंपण गेलं, मग शेजाऱ्यांची गाडी, आता टपालपेटीचं नुसतं टोक उरलंय. माझा मंदार सकाळपासून तिसऱ्यांदा फावडं घेऊन बाहेर गेलाय. पोरांच्या शाळेला सुट्टी आहे, त्यामुळे अन्वी आणि ध्रुव सोफ्याच्या उशा जमिनीवर टाकून त्यावर उड्या मारतायत. तुमची केतकी नागपूरहून निघाली आहे, पण तिचं पुढचं विमान बर्फामुळे रखडलंय. उशिरा का होईना, आज संध्याकाळपर्यंत ती दारात उभी राहील.

तोवर मला काय ते ठरवायला हवं. म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची पद्धत आहे. तेही लिहीन, तुम्हाला आता कुठे जायची घाई आहे? पण आधी भांडण. तुम्ही सुटलात आणि मला अडकवून गेलात.

तेराव्याच्या आदल्या दिवशी केतकीचा फोन आला होता. रडून रडून घसा बसलेला. म्हणाली, "आई, मम्मीच्या कपाटात डॉक्टरांची फाईल सापडली. दीड वर्षापूर्वीची आहे. हृदयाची झडप खराब आहे, ऑपरेशन लवकर करा, असं स्पष्ट लिहिलंय. इथे शेजारीपाजारी कुणालाच माहीत नव्हतं. तुम्हाला कधी काही बोलली होती का ती?"

त्यावर मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "हॅलो? हॅलो केतकी? आवाज तुटतोय गं तुझा."

आवाज अजिबात तुटत नव्हता. तिच्यामागे तुमच्या घरात कुणीतरी भांडी विसळत होतं, त्यातली वाटी खाली पडली तीसुद्धा मला इथे ऐकू आली. मी आणखी दोनदा हॅलो हॅलो केलं आणि फोन बंद केला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीचा हा माझा पराक्रम.

पराक्रमांची सवय मला जुनीच आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा तर तुमच्याच पायाशी, म्हणजे माझ्या पायाशी घडला. आठवतंय ना? आठवत असणारच. तुम्ही काही विसरणाऱ्यातल्या नव्हतात, नुसत्या बोलून दाखवत नव्हतात.

डिसेंबरातलं नागपूर, लग्नाचा हॉल, आणि मी वरमाय. निघताना माझ्या जावेनं कान भरले होते, "वरमाय माणूस एकदाच होतो, मान सोडू नकोस." तेव्हा मी चौरंगावर बसले, पैठणीच्या निऱ्या दोन बोटांनी अशा उचलल्या की जणू खाली सगळा चिखल. तुम्ही समोर जमिनीवर बसलात. गुडघे तेव्हाही दुखत होते तुमचे, बसताना तुमच्या तोंडून "अगं माय" निघालं ते मी ऐकलं होतं. परातीत माझे पाय घेतलेत, चांदीच्या तांब्यातून पाणी घातलंत. आणि मी, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली, मुलांना समानतेवर भाषणं करायला लावणारी बाई, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगंबाई, पाणी गार आहे!"

सनई चालू होती म्हणून बरं. तुम्ही उठलात, आत गेलात, गरम पाणी घेऊन आलात, पुन्हा खाली बसलात आणि पुन्हा पाय धुतलेत. मी पुण्याला परत जाऊन मैत्रिणींना सांगितलं, "माणसं चांगली आहेत हो, पण पाणी गार होतं." ती बाई आज मला रस्त्यात भेटली तर ती परात मी तिच्या डोक्यावर पालथी घालीन.

मग नातवंडं झाली आणि आपण दोघी पाळीवर लागलो. सहा महिने तुम्ही, सहा महिने मी. रात्रपाळीचा वॉचमन दिवसपाळीच्या वॉचमनला भेटतो तेवढंच आपलं भेटणं, म्हणजे बहुतेक वेळा तेही नाही. मी यायची तेव्हा तुमची चिठ्ठी फ्रिजवर असायची. "हळद संपली आहे. ध्रुवला पडसं आहे, रात्री छातीला ओव्याची पुरचुंडी. तुमचा गोडा मसाला वरच्या फळीवर ठेवला, कुणी हात लावला नाही." कुणी हात लावला नाही! टोमणा मारायला तुम्हाला आवाजसुद्धा लागत नव्हता. त्या चिठ्ठ्या मी फेकल्या नाहीत. फ्रिजच्या वर, औषधांच्या डब्यात आहेत. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगते.

मागच्या वर्षी मात्र आपल्या पाळ्या महिनाभर एकमेकींवर आल्या. केतकीचं ऑफिसचं काम ऐन टोकाला आलेलं, ध्रुव तीन वर्षांचा, सारखा आजारी. तिनं तुम्हाला थांबवून घेतलं आणि मला लवकर बोलावलं. एका स्वयंपाकघरात दोन विहिणी, आणि बाहेर कंबरभर बर्फ. मी आमटीत गूळ घातला की तुम्ही वाटी नाकाशी नेऊन म्हणायचात, "हे वरण होय का पुरणाचा कट?" तुम्ही रस्सा केला की मी म्हणायची, "हे जेवण आहे की शिक्षा?" गाडी दोघींना येत नाही. घराबाहेर चालायला फुटपाथ नाही. मंदार आणि केतकी आपापल्या खोल्यांत मीटिंगला बसले की आपण दोघी खिडकीशी, बरणीतल्या लोणच्यासारख्या, एक गोड आणि एक तिखट. "हीटरचा पिंजरा आहे हा," तुम्ही एकदा म्हणालात. "ऊब आहे, दाणापाणी आहे, दार उघडलं तरी उडून जाणार कुठं?" मी हसले होते. कारण मला वाटलं, तुम्ही बर्फाबद्दल बोलताय.

त्याच महिन्यात तुम्ही अन्वीला शपथ शिकवलीत. तिनं मला न विचारता तीन चॉकलेटं खाल्ली होती आणि मी पाहिलं होतं. तुमच्या कानात काहीतरी कुजबुजून ती माझ्याकडे आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पुणे आजी, तुला माझी शपथ, मम्माला सांगायचं नाही."

"शपथ वगैरे काही नसतं," मी म्हटलं. "तो नुसता शब्द आहे."

"नो! नागपूर आजी सेज इट्स रिअल!"

मग तुम्ही तिला नियम समजावून सांगितलेत. शपथ घातली की पाळायची. मोडली तर ज्याची शपथ त्याला बाधते. आणि ज्यानं घातली त्यानं तोंडानं 'सुटली' म्हटलं की सुटते, मग पाळायची गरज नाही. पुढचा आठवडाभर घरात दुसरं काही नव्हतं. अन्वी ध्रुवला शपथ घालायची, बापाला घालायची, बर्फाच्या बाहुल्याला घालायची, आणि मग प्रत्येकाच्या मागे, "से सुटली! यू हॅव टू से सुटली!" मी तुम्हाला म्हटलं, पोरीच्या डोक्यात हे काय खूळ भरवताय? तुम्ही मटार सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, "नुसता शब्दच आहे ना बाई? मग इतक्या चिडून काऊन राहिल्या?"

आणि मग ती टेकडी.

दोन दिवसांच्या बर्फानंतर लख्ख ऊन पडलं होतं. मंदार म्हणाला, "चला, आज दोन्ही आज्यांना बाहेर काढू." केतकीची मीटिंग होती, ती घरीच थांबली. तुम्ही सलवार जावयाच्या जुन्या स्नो पँटमध्ये कोंबलीत, वर केतकीचं जाकीट, त्यावर तुमची ती मोहरीच्या रंगाची शाल. मी साडी नेसूनच येणार म्हणून हटून बसले आणि शेवटी मंदारची पायजम्यासारखी काहीतरी पँट साडीच्या आत चढवली. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. "पुण्याहून पांडव हिमालयात निघाले जसे," म्हणालात.

शाळेच्या मागची ती टेकडी काही उंच नाही. पण तिच्यावर सगळं गाव लोटलेलं. लाल, नारिंगी, जांभळ्या गोल थाळ्यांवरून पोरं किंचाळत खाली जात होती आणि बाप लोक पुन्हा त्यांना ओढत वर आणत होते. आपल्याकडे एक नारिंगी थाळी आणि ती निळी, नावेसारखी लांबट स्लेड, पुढे पिवळी दोरी. मंदार ध्रुवला खांद्यावर घेऊन भराभर वर गेला, अन्वी त्याच्यामागे. आपण दोघी स्लेड ओढत मागून. तुम्ही तीनदा थांबलात. तिसऱ्यांदा गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहिलात तेव्हा मी म्हटलं, "एवढं तिखट खाऊन दम कसा नाही हो तुमच्यात?"

तुम्ही नुसत्याच हसलात. तुम्ही टोमणा परत करत नाही म्हणजे काहीतरी आहे, हे तेव्हाच कळायला हवं होतं मला.

वर पोचलो. मंदार ध्रुवला मांडीत घेऊन थाळीवरून खाली गेला. अन्वी दहा पावलांवर बर्फाचे गोळे करत होती. तुम्ही स्लेडची दोरी मनगटाला गुंडाळून उभ्या होतात, आणि समोर पाहत, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणालात, "विहीणबाई, माझ्या हृदयाची झडप गेली आहे. डॉक्टर म्हणाला, येता उन्हाळा पाहायचा तर आधी ऑपरेशन करा. मी त्याला म्हटली, लेकीकडे जाऊन येते, मग पाहू."

मी म्हटलं, "केतकीला?"

"तिला माहीत नाही. अन् तुम्ही सांगायचं नाही."

"अहो, काय बोलताय? आत्ता घरी जाऊन सांगते."

"ऐकून घ्या. तिचे कागद अजून झाले नाहीत. आता ती माझ्यामागे धावत नागपूरला आली अन् तिकडेच व्हिसात अडकली, तर ही पोरं इकडे, ती तिकडे. मी पाहिलं आहे असं झालेलं. ते मी होऊ देणार नाही. तुम्हाला या दोन नातवंडांची शपथ आहे."

"नातवंडांची कसली शपथ घालताय, माझीही आहेत ती!"

"म्हणून तर. तुमचीही आहेत म्हणून पाळाल."

मी काही बोलणार तेवढ्यात अन्वी आली. "आजी, अवर टर्न!" म्हणत स्लेडच्या पुढच्या टोकाला बसली आणि तुम्हाला हाताला धरून मागे ओढायला लागली. आणि तुम्ही बसलात! मी ओरडले, "उठा! तुम्ही नाही बसायचं!" अन्वी म्हणाली, "व्हाय?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. गालात हसत होतात. का बसायचं नाही, ते अन्वीला सांगता येत नव्हतं मला. शपथ घालून मिनिटसुद्धा झालं नव्हतं आणि तिचा पहिला फास माझ्याच गळ्याला बसला होता. मग मी काय केलं? शहाण्या बाईनं दोरी धरून ठेवली असती. मी तुमच्यामागे बसले. का, म्हणाल तर एवढंच डोक्यात आलं, की तुम्हाला काही झालंच तर मागून धरता येईल.

माझं वजन विसरले मी. मी टेकले आणि स्लेड हलली. दोरी तुमच्या मनगटावरून, मग हातमोज्यातून निसटली आणि तुम्ही टेकडी दणाणून टाकणारी आरोळी ठोकलीत, "सुटली! सुटली! अवो धरा, सुटली!" काय धरायचं ते मला कळेना, म्हणून मी तुम्हालाच धरलं. वारा तोंडात, बर्फ डोळ्यांत, अन्वी आनंदानं किंचाळतेय, लोक बाजूला पळतायत. खाली गवताच्या गठ्ठ्यांना धडकून आपण तिघी तीन दिशांना गेलो.

मला आधी तुमचं तोंड दिसलं. आकाशाकडे, उघडं. मी रांगतच तुमच्याकडे आले. आणि मग तुम्ही हसायला लागलात. तसं हसताना मी तुम्हाला त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. छातीवर हात ठेवून, पाय झाडत, आठवीतल्या मुलीसारखं.

माझ्या बुटांत बर्फ गेला होता, मोजे ओलेचिंब. पायांची बोटं बधिर. तुम्ही मला गवताच्या गठ्ठ्यावर बसवलंत, समोर बर्फात गुडघे टेकलेत, बूट काढलेत, मोजे पिळलेत आणि अंगावरची मोहरी शाल काढून माझे पाय पुसायला लागलात. घासून घासून. मग वर पाहिलंत आणि अगदी गंभीर तोंड करून विचारलंत,

"पाणी गार आहे का हो, विहीणबाई?"

बारा वर्षं! बारा वर्षं तुम्ही ते वाक्य जपून ठेवलं होतंत. मी एवढी हसले, एवढी हसले की कधी रडायला लागले ते कळलं नाही. तुम्हाला वाटलं थंडीनं डोळ्यांतून पाणी येतंय. की वाटलं नाही? "चुकलं हो माझं तेव्हा," असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी. तेवढ्यात मंदार धावत आला, "आई, मम्मी, लागलं का?" म्हणत, आणि ते तसंच राहिलं. पुढे रोज वाटायचं, आज म्हणू. रोज आमटीवरून भांडण व्हायचं आणि ते मागे पडायचं.

तुम्ही फेब्रुवारीत नागपूरला परत गेलात. मग आपलं खरं भांडण सुरू झालं, फोनवरचं. दर रविवारी. "तारीख घेतली का?" "घेते." "कधी घेता?" "घराला रंग देऊन राहिले, तो होऊ द्या." मग "पावसाळ्यात जखम भरत नाही." मग "दिवाळी होऊ द्या." मी म्हणायची, आता केतकीला सांगते. तुम्ही म्हणायचात, "शपथ आहे." मी म्हणायची, "मग सुटली म्हणा!" आणि तुम्ही, "फोडणी करपून राहिली," म्हणून फोन ठेवायचात.

जूनमध्ये एकदा मी खरंच सांगायला गेले होते. केतकी कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, "केतकी, जरा बस. बोलायचंय." ती बसली. आणि त्याच क्षणी बाहेर अंगणात ध्रुव घसरगुंडीवरून पडला. ओठ फाटला, शर्ट रक्तानं भरला. केतकी धावली. तासाभरानं बर्फाचा खडा त्याच्या ओठाला लावून तिनं विचारलं, "आई, काय म्हणत होता तुम्ही?"

मी म्हटलं, "काही नाही. लोणच्याचा मसाला संपत आलाय."

मुलं घसरगुंडीवरून पडतात. गुरुत्वाकर्षण. तीस वर्षं फळ्यावर लिहिलंय मी ते. आणि तरी त्या दिवशी मी त्या ओठाकडे पाहिलं आणि गप्प बसले. वर्गातल्या एखाद्या मुलीनं असं सांगितलं असतं तर मी तिला बाकावर उभं केलं असतं.

जुलैत मी पुण्याला गेले. पुणे आणि नागपूर एका रात्रीचा प्रवास. तिकीट काढून तुमच्या दारात उभी राहिले असते, हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं, तर शपथही मोडली नसती. नाही गेले. तुम्ही प्रत्येक फोनवर म्हणायचात, "या ना कधी." पण ते काही रीतसर बोलावणं नव्हतं, आणि विहिणीच्या घरी न बोलावता जात नाहीत! चौरंगावरची ती बाई अजून माझ्या आत बसलेली आहे बघा, पैठणी दोन बोटांनी उचलून.

पुढे केतकीच्या प्रवासाचा कागद आला. ती आता जाऊन परत येऊ शकत होती. तुम्हाला मी सांगितलं, आता तर अडचण संपली. तुम्ही म्हणालात, "हो, आता मीच सांगते तिला. पोरांना नाताळची सुट्टी लागली की सांगते." मी डिसेंबरात इकडे आले. सुट्टी लागली, संपली. आणि मग एका सकाळी चहा गाळता गाळता तुम्ही गेलात.

माझा राग तुमच्यावर आहे, तेवढाच माझ्यावर आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती कुणापाशी बोलायची सोय नाही. तुम्ही ते मलाच सांगितलंत. तुम्हाला बहीण होती, मैत्रिणी होत्या, भिशी होती. त्यातल्या कुणाला नाही. ज्या बाईनं भर मांडवात तुम्हाला दोनदा पाय धुवायला लावले, तिला सांगितलंत. मी रडणार नाही, भांडेन, म्हणून असेल. काही असो. एवढा मान मला त्या चौरंगावर मिळाला नव्हता.

आता फोनवर 'आवाज तुटतोय' चालून गेलं. ती समोर बसून विचारेल तेव्हा काय? केतकी मला पहिल्या दिवसापासून आई म्हणते, अहो आई नाही, नुसतं आई. तिला कळलं की मला सगळं ठाऊक होतं, की मी बोलले असते तर कदाचित तिची मम्मी आज असती, तर तो शब्द ती परत घेईल. आणि नाही सांगितलं, तर तो शब्द रोज ऐकून मला गिळावा लागेल. वर पोरांची शपथ आहेच. हसू नका. कालपासून ध्रुवला पायरीवरून उतरताना मी हात धरून उतरवतेय.

इतकं लिहून झालं आणि पोरं आली ओढायला. "पुणे आजी, स्लेडिंग!" मी नाही म्हटलं. टेकडीवर नाही, निदान मागच्या अंगणात, म्हणाली. मंदारनं मागचं दार मोकळं केलं होतं. अंगणाचा उतार कुंपणापर्यंत जातो तेवढाच, दहा-बारा पावलं. तुम्ही इथेच ठेवून गेलात ती तुमची मोहरी शाल मी गुंडाळली आणि गेले.

तीच निळी स्लेड. अन्वीनं ध्रुवला पुढे बसवलं, स्वतः मागे बसली आणि पिवळी दोरी माझ्या हातात दिली. मी ती अशी घट्ट धरली की पोरगी मागे वळून हसायला लागली.

"आजी, यू हॅव टू लेट गो."

"थांब गं. भीती वाटते मला."

"नागपूर आजीला नाही वाटली," ती म्हणाली. आणि ध्रुवला सांगायला लागली, मोठ्या बहिणीच्या थाटात, "यू वेअर अ बेबी. वी वेण्ट सो फास्ट! अँड नागपूर आजी सेड, सुटली, सुटली!"

"व्हाय?" ध्रुव म्हणाला.

"बिकॉज तिनं पुणे आजीला शपथ घातली होती ना. आय हर्ड. देन शी हॅड टू से सुटली."

माझा हात दोरीवर होता तसाच राहिला. मी विचारलं, "अन्वी, कसली शपथ घातली होती, ऐकलंस?"

"नो. सीक्रेट होतं. बट शी सेड सुटली, सो इट्स ओके." आणि मग, वर्षभर मनात ठेवलेला हिशेब पुरा केल्यासारखी, "शी सेड इट थ्री टाइम्स, आजी. वन्स इज इनफ."

विहीणबाई, तुम्ही ते गाडीला म्हणालात. दोरीला म्हणालात. मला ठाऊक आहे. मी काही एवढी खुळी नाही. पण नियम तुम्हीच शिकवलात: ज्यानं शपथ घातली त्यानं तोंडानं सुटली म्हणायचं. कशाला उद्देशून म्हणायचं, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. वर्षभर मी फोनवर 'म्हणा, म्हणा' करत होते आणि तुम्ही आधीच, अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल असं, तीनदा म्हणून मोकळ्या झाला होतात. तुमच्या लक्षात आलं होतं का हो? तुमचा काय भरवसा. बारा वर्षं एक वाक्य धरून ठेवणारी बाई.

मी दोरी सोडली. पोरं किंचाळत कुंपणापर्यंत गेली, उलटली, उठली. दोघांनाही काही झालं नाही.

मंदार केतकीला आणायला विमानतळावर गेलाय. आत्ताच त्याचा फोन आला, निघालो, म्हणाला, ती नुसत्या कापडी बुटांत आली आहे, पार्किंगपर्यंत येताना पाय भिजले. मी मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवलंय. कपड्यांचा टब आणून सोफ्यासमोर ठेवलाय. गुडघे माझेही आता तुमच्यासारखेच झालेत, बसताना 'अगं माय' निघणारच. ती म्हणेल, आई, हे काय करताय. तिला बसू देईन. पाय पाण्यात घालेन. मग सांगेन, टेकडीपासून लोणच्याच्या मसाल्यापर्यंत सगळं, माझं काही न झाकता. तुमचंही. मग ती मला आई म्हणो न म्हणो.

दिवे वळले बघा दारात. गॅरेजचं दार वर जातंय.

मी दोनदा बोट घालून पाहिलं, विहीणबाई. पाणी गरम आहे.